डिक्कीतल्या फळीखाली

कटरची ज्योत चेसीला लागली आणि गाडीच्या पोटाखालच्या तांब्याच्या नळीतून निळा जाळ भस्सकन बाहेर आला. कटर धरलेला कामगार अनीस तिथेच गुडघ्यांवर होता. त्या नळीचं दुसरं टोक कुठे आहे, हे भंगार केंद्राच्या आवारात उभ्या असलेल्यांपैकी फक्त मला ठाऊक होतं. माझ्या मुलाला, दिगंबरलाही ठाऊक होतं, पण तो आत ऑफिसात सह्या करत होता.

सकाळी आम्ही अमरावतीहून, राजापेठेतून निघालो तेव्हाच माझं मन साफ नव्हतं. गाडी आमच्या मालकांची, म्हणजे दिगंबरच्या वडलांची, जुनी अॅम्बेसेडर. तिच्यातूनच आमचा झेंडू आणि भेदरं (टोमॅटो) बाजारात जायची. दिगंबरला आता नवी गाडी हवी होती. जुनी गाडी अकोल्याच्या भंगार केंद्रात मोडली की दाखला मिळतो, दाखल्यावर नव्या गाडीला सूट मिळते, असं एजंटाने सांगितलं. चालती वस्तू मोडल्याबद्दल सरकार बक्षीस देतं, हे माझ्या डोक्यात शिरेना. मी चौथी शिकलेली, पण गोड बोलणाऱ्याकडून मी कधी बियाणंसुद्धा घेतलं नाही. एजंट फार गोड बोलत होता.

बडनेरा मागे पडलं. दोन्ही बाजूंना काळी जमीन, कपाशी फुटलेली, मध्ये तुरीच्या ओळी. मूर्तिजापूरला गाडीचं पाणी उकळलं. बॉनेट उघडं ठेवून आम्ही हॉटेलात आलूबोंडा आणि तर्री (वर तेल तरंगणारा तिखट रस्सा) घेतली. तर्री चांगली होती, चहा पाणचट.

बाहेर आले तर एक पन्नाशीचा माणूस आमच्या गाडीभोवती फिरत होता. त्याची पांढरी गाडी आमच्याहून जुनी, पण आरशासारखी पुसलेली. वानखडे म्हणून नाव सांगितलं. अकोल्याचा. जुन्या गाड्या जमवायचा नाद.

“काकू, गाडी इकता का?”

“मोडाले नेऊन राहिलो,” दिगंबर म्हणाला.

“चालती गाडी काहून मोडता? मले द्या. पोरीसारखी ठेवीन.”

विकली तर दाखला मिळत नाही, असं दिगंबरने त्याला समजावलं. परक्या माणसाने आमच्या लोखंडावर एवढा जीव टाकावा, यात काहीतरी असणार असं मला वाटलं. मग तो थेट रस्त्यावर आडवा झाला आणि गाडीखाली डोकावला.

“काकू, हे तांब्याची नळी कशाची? गॅस होता का गाडीत?”

“हॉर्नची आहे,” मी म्हटलं. “तुमी आपला चहा प्या.”

नळी गॅसचीच होती. पेट्रोल परवडेना तेव्हा मालकांनी डिक्कीत घरचं सिलेंडर बसवलं होतं. वर फळी, फळीवर रेग्झीन, चारी बाजूंनी खिळे. पोलिसाने डिक्की उघडली तरी त्याला तळच दिसायचा. तेव्हा आमच्याकडे कितीतरी जणांनी असं केलं होतं. मालक गेल्यावर गॅसवर गाडी कोणी चालवली नाही आणि फळीही कोणी उचकटली नाही. सिलेंडर रिकामंच असेल, सांगितलं तर कागद अडेल, गप्प राहा, असं दिगंबर मला म्हणाला होता. मी गप्प राहिले.

अकोल्यापर्यंत वानखडेची पांढरी गाडी आमच्या मागे होती. मी दर थोड्या वेळाने वळून बघत होते.

भंगार केंद्रात त्यांनी टाकीतलं पेट्रोल काढलं, बॅटरी काढली. गॅस किट आहे का, विचारलं. दिगंबर नाही म्हणाला, मीही नाही म्हणून मान हलवली. वानखडेही आत आला, स्टिअरिंग तरी द्या म्हणून विनवू लागला. मी त्याला बाजूला उभं राहायला सांगितलं. अनीसने चेसी नंबरचा तुकडा कापायला कटर पेटवला.

आणि जाळ आला.

“डिक्कीत सिलेंडर आहे,” मी म्हटलं. “फळीखाली. भरलेलं असेल.”

अनीस मागे कोलमडला. बाकीचे फाटकाकडे पळाले. वानखडे गाडीकडे पळाला. टॉमी (लोखंडी पहार) घालून त्याने फळी उचकटली आणि आत हात घालून नॉब फिरवत राहिला. नॉब गंजलेला होता. जाळ आखडत गेला, मग विझला.

सिलेंडर बाहेर काढून हलवलं तर आत डुचमळत होतं.

अनीसच्या भुवया जळाल्या होत्या. तोंडावर पाणी मारून तो माझ्यासमोर बसला. “अम्मा, पैले बोलना था ना,” म्हणाला. तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

दुपारी गाडी कापली. दाखला मिळाला. स्टिअरिंग मी स्वतः वानखडेच्या हातात दिलं. त्याच्या उजव्या हाताला पट्टी होती, म्हणून त्याने ते डाव्या काखेत घेतलं.

“काकू,” तो म्हणाला, “तुमचा हॉर्न लय जोरात वाजला.”

मी हसले नाही.

परत येताना एसटीत दिगंबर नव्या गाडीच्या रंगांबद्दल बोलत होता. मी खिडकीशी होते. दिवसभर मी एजंटावर, सरकारवर, त्या पांढऱ्या गाडीवर नजर ठेवली. खोटं मात्र आम्हीच दोघं बोललो होतो. मूर्तिजापूरला एसटी थांबली, मी उतरले नाही.

अनीस जगला. वानखडे जगला. दिगंबर आणि मीही जगलो.