खळं सोसायटीचं नव्हतं

मी गाव सोडलं तेव्हा जीप दारात उभी होती, चुलते बॅगा चढवत होते, अब्बा तिसऱ्यांदा माझा पासपोर्ट उघडून बघत होते, आणि अम्मी घरात नव्हतीच. ती खळ्यावर वाळत घातलेला जवळा उलटत होती. ऊन चढलं होतं आणि वेळेवर उलटला नाही तर जवळा खालून ओला राहतो, मुलगा दुबईला चाललाय म्हणून तो काही थांबत नाही. शेवटी जीपच किनाऱ्यावरून वळवून घेतली. अम्मीने हात लुगड्याला पुसले, माझ्या डोक्यावरून फिरवले, पोचलास की फोन कर म्हणाली आणि पुन्हा वाकली. अब्बांनी गाडीत बसताना एकच सांगितलं, "साहेबाला उलट बोलू नको." विमानात शेजारचा माणूस सारखा नाक दाबत होता, कारण माझ्या केसांना जवळ्याचा वास येत होता.

हे मी तुम्हा दोन्हीकडच्यांसाठी लिहितोय. जे गावात राहिलात आणि माझं नाव निघालं की थुंकता, त्यांच्यासाठी. आणि जे इकडे शारजात, रोल्लाच्या खोल्यांमध्ये राहता आणि जुम्म्याला मशिदीबाहेर मला पाहून रस्ता ओलांडता, त्यांच्यासाठीही. माफी मागायला लिहीत नाही. जिथे मागायची तिथे मागून झाली आहे.

ज्यांनी आमचं खळं पाहिलं नाही त्यांना आधी सांगतो. खळं म्हणजे मासळी वाळवायचं मैदान. किनारा सरकारी, सातबारा कुणाच्याच नावावर नाही. पण खळ्यावर प्रत्येक घराची जागा ठरलेली, आणि ती सासूकडून सुनेकडे जाते. पुरुषांचा त्यात संबंध नाही. अब्बा चाळीस वर्षं समुद्रात गेले, पण खळ्यावर पाटी कुठे ठेवायची हे ते अम्मीला विचारायचे. दर मोसमाच्या सुरुवातीला बायका जमतात, कुणाची सून आली, कुणाचं माणूस कमी झालं हे बघतात आणि जागा मागेपुढे सरकवतात. यातलं काहीही कुठल्याही कागदावर नाही. हे मला पाळण्यात असल्यापासून माहीत होतं, म्हणून मला चूक झाली असं म्हणायची सोय नाही.

इकडे मी सुरुवातीला जबल अलीच्या एका गोदामात माल मोजायचो. कॅम्पमध्ये राहायचो, कंपनीच्या बसने जायचो-यायचो. पुढे इंग्रजी सुधारलं, शर्ट सुधारले, आणि दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कन्सल्टन्सीत नोकरी लागली. कार्डावर छापलं होतं, पार्टनरशिप कोऑर्डिनेटर. गावात कुणी विचारलं की अब्बा सांगायचे, तो युरोपचं बघतो.

खरं म्हणजे मी स्थळं जमवायचो. युरोपात शेजारशेजारच्या दोन देशांतले जिल्हे मिळून विकासाचे प्रकल्प करतात. एकट्याने अर्ज केला तर कुणी दारात उभं करत नाही, सीमेपलीकडचा जोडीदार हवाच. काही प्रकल्पांना आणखी एक पाहुणा जोडीदार लागतो, युरोपच्या बाहेरचा. तो शोधून द्यायचा, त्याचे कागद जुळवायचे, दोन्हीकडच्यांना एकमेकांचं कौतुक सांगायचं, हा आमच्या फर्मचा धंदा. लग्न जमवणारा जेवढं खरं बोलतो तेवढंच आम्ही बोलायचो.

तर समुद्राकाठच्या अशाच दोन जिल्ह्यांना छोट्या मच्छीमार गावांसाठी काम करायचं होतं. त्यांना आपल्याकडची मासळी वाळवायची पद्धत बघायची होती आणि बदल्यात गावात शेड, बर्फाचं मशीन, प्रशिक्षण द्यायचं होतं. आमचे मॅनेजर, ज्यांना सगळे सर म्हणत, माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "तेरा गाँव है ना समंदर पे? बस एक सोसायटी का सिग्नेचर ला दे, हबीबी." मला उलट बोलायची सवय नव्हती. शिवाय खोटं कशाला बोलू, छाती फुगली होती. आपल्या गावाचं नाव युरोपच्या कागदावर येणार होतं.

फॉर्ममध्ये एक रकाना होता, जोडीदार स्वतःचं काय घालणार. आमच्या मच्छीमार सोसायटीकडे एक खोली, एक कपाट आणि एक शिक्का होता. मी लिहिलं, सोसायटीच्या ताब्यातलं वाळवणीचं मैदान, तीन वर्षांसाठी. सोसायटीचे चेअरमन दाऊदचाचा, अब्बांचे लांबचे भाऊ, त्यांना इंग्रजी येत नाही. त्यांनी फोनवर एवढंच विचारलं की यात आपलं काही जात नाही ना. मी म्हटलं, चाचा, फक्त येणार आहे. त्यांनी शिक्का मारून पाठवून दिलं.

युरोपची माणसं आली तेव्हा मीही सुट्टी काढून गावी गेलो. तुम्हीच त्यांना हार घातलेत, माझ्याही गळ्यात एक आला. त्यांच्यातली एक बाई खळ्यावर अम्मीशेजारी उकिडवी बसली आणि मला म्हणाली, यांना विचार, ही जमीन कुणाची. अम्मीने मान वर न करता सांगितलं, "आमची. बायकांची." मी त्या बाईला इंग्रजीत सांगितलं की अम्मी म्हणते सोसायटीची. बाईने लिहून घेतलं आणि अम्मीकडे बघून हसली. अम्मीही हसली. तिला वाटलं, पोराने आपलं म्हणणं साहेबीण बाईपर्यंत पोचवलं.

त्यानंतर काम भराभर पुढे गेलं. शेडची आखणी करायची म्हणून दाऊदचाचांनी भर मोसमात वलांडी, म्हणजे बोंबील टांगायच्या बांबूंच्या चौकटी, उपटल्या. बायका मध्ये आल्या तेव्हा त्यांनी तो कागद दाखवला आणि शाळेतल्या बाईंकडून मोठ्याने वाचून घेतला. खाली चाचांची सही होती, पण मजकूर कुणाचा हे चाचांनी लपवलं नाही. जवळा त्या वर्षी पत्र्यांवर आणि रस्त्यावर वाळला, निम्मा कुत्र्यांनी खाल्ला. बायका खळ्यावरच बसून राहिल्या. अम्मी त्यांच्यात होती, आणि तिच्याशी कुणी बोलत नव्हतं.

तिचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "माझ्या तोंडातलं काढून तू तुझं घातलंस. मना विचारलंस?" मी प्रकल्पाचे फायदे सांगायला लागलो. बर्फाचं मशीन वगैरे. तिने फोन ठेवला.

बसलेल्या बायकांचे फोटो युरोपात पोचले आणि तिकडून पत्र आलं, सभ्य आणि थंड. मैदान नक्की कुणाचं, हे कोऑर्डिनेटरने लेखी कळवावं, जोडीदाराचं स्थान त्यावर ठरेल. सरांनी दोन ओळी स्वतः टाइप करून आणल्या, की मैदान सोसायटीचं आहे आणि वाद किरकोळ आहे. मी सही करत नाही म्हटल्यावर ते आधी हसले, मग दार लावून घेतलं. म्हणाले, "सोच ले. व्हिसा हमारा है. साइन कर और खलास."

त्याच आठवड्यात गल्फ कमिटीने मला रोल्लाला बोलावलं. आपल्याच गावची इथली माणसं, ज्यांनी मदरशाचा मजला बांधला, मय्यतीला विमानाची तिकिटं काढली. मला वाटलं, ही तरी बायकांच्या बाजूने बोलतील. एकानेही बायकांचं नाव काढलं नाही. सगळ्यांना शेड हवी होती. सही कर, म्हणाले, बायका चार दिवस रडतील आणि गप्प बसतील, इन्शाल्ला. त्यांच्याही आया खळ्यावर बसलेल्या होत्या. मला त्या दिवशी तुमची किळस आली. अजून येते. आणि सर्वांत जास्त स्वतःची आली, कारण शेडची, फायद्यांची ही सगळी भाषा मीच तुम्हाला शिकवली होती.

मी घरी येऊन खरं काय ते लिहिलं. मैदान बायकांचं आहे, सोसायटीचा त्यावर हक्क कधीच नव्हता, ते वाक्य मी घातलं आणि भेटीच्या दिवशी माझ्या आईचं उत्तर मी बदलून सांगितलं. माझी मुलगी झोया स्क्रीनमध्ये डोकावून म्हणाली, "Baba, will they fire you?" मी हो म्हटलं आणि पाठवून दिलं.

युरोपने आमच्या सोसायटीचं नाव काढून दुसऱ्या देशातली सोसायटी घेतली. पत्राच्या शेवटी मला शुभेच्छा होत्या. नोकरी गेली. आज पुन्हा जबल अलीला, पुन्हा बसमध्ये आहे. फरक एवढाच की आता बायको-मुलगी शारजाला आहेत आणि मी चाळिशीचा आहे. चाचा मला गद्दार म्हणतात, कमिटीने व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं. बायकांनी वलांडी पुन्हा रोवल्या. त्यांनीही मला माफ केलं नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. खोटं मीच लिहिलं होतं, मग खरं लिहिलं म्हणून आरती कशाला ओवाळतील.

यंदा मोसमाच्या सुरुवातीला गेलो. जागा ठरायच्या होत्या. अम्मीची जागा मधली होती, वारा लागणारी, तिच्या सासूपासूनची. बायकांनी तिला गटाराकडचं टोक दिलं. तिथे दुपारनंतर सावली पडते, माल उशिरा वाळतो. मी दुरून बघत होतो. वाटलं, ती भांडेल, निदान माझ्याकडे बोट दाखवेल. तिने पाटी उचलली आणि टोकाला जाऊन बसली.

पाटी जड होती म्हणून मी पुढे झालो. खळ्याच्या कडेला पोचलो आणि सगळ्या बायकांनी हातातलं काम थांबवलं. अब्बा घरात होते, माझी बाजू घ्यायला कुणी नव्हतं. मी तिथेच उभा राहून अम्मीला विचारलं, आत येऊ का. उभ्या आयुष्यात खळ्यावर पाऊल टाकायला मी कुणाला विचारलं नव्हतं.

अम्मीने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने शेजारच्या बायकांकडे पाहिलं.

"मी एकटी काय सांगू," अम्मी म्हणाली. "थांब तिथंच."

मी थांबलो. त्यांनी पुन्हा हात चालवायला घेतले. झोयाचा व्हिडिओ कॉल आला, तिने विचारलं की घरी पोचलास का. मी तिला खळं दाखवलं, टोकाला वाकलेली आजी दाखवली, आणि सांगितलं, अजून नाही.