कारल्याच्या मांडवाची तार

वार्निशचा वास आला की मला जुन्नरच्या बाजारातलं जळक्या मोटारीत नवी तार भरायचं दुकान आठवतं. आमची विहिरीवरची मोटार जळाली होती आणि कांदा पाण्यावाचून सुकत होता. आतली जळकी तार कारल्याच्या मांडवाला होईल म्हणून मी ती घरीच पोरीकडून उपसून घेतली. रिकामी मोटार पाहून दुकानातल्या मिस्त्रीचाचांनी कपाळावर हात मारला. "ताई, वेढे मोजायच्या आधीच तार काढली व्हय? आता किती भरू?" तेव्हा नुकतीच दहावी झालेली माझी पोर म्हणाली, "चाचा, एका खाचेत अठ्ठेचाळीस. मी मोजलेत." "तुला कुणी सांगितलं व्हतं?" मी विचारलं. "कुणी नाय. एवढ्याशा जागेत किती मावतात ते बघायचं व्हतं." चाचांनी तेवढेच भरले आणि मोटार चालली. भाकरीला पिठाचा अंदाज नसणारी पोर तारेचे वेढे मोजते, याचं मला नवल वाटत राहिलं. रविवारी तिला बघायला पाहुणे येणार होते. "त्यांना नको म्हणून कळवा," मी नवऱ्याला सांगितलं आणि आयटीआयचा फॉर्म आणला. आता तिचं स्वतःचं दुकान आहे. तिथं मी जळक्या तारेला हात लावला की ती ओरडते, "आई, आधी मोजू दे!"