हलगी न घेता पुण्याला

आमच्या सणसरच्या गायन पार्टीला पुण्याचं पहिलं बोलावणं आलं चौऱ्याण्णव सालच्या शेवटी. भानुदास आबा इतके खूश झाले की कारखान्यातनं सुटल्यावर सायकल हातात धरून चालतच घरी आले. वर बसायचं ध्यानातच राहिलं नाही, असं त्यांनीच सांगितलं. नंतर तीन-चार वर्षं त्याच पुण्यानं त्यांना जो वैताग दिला तो मी जवळून बघितला. आबा माझे चुलते आणि पार्टीत झांज माझ्याकडं असायची.

आबा साखर कारखान्यात फिटर होते. हात काळे, बोलणं तुटक, पण ढोलकीवर बसले की माणूस वेगळाच. गाणी स्वतः बांधायचे. एप्रिल लागला की निरवांगी, डाळज, इंदापूर, जिथं जिथं जयंती असेल तिथं आमची पार्टी. आबांची मुलगी करुणा पुढं गायची. ती नर्सिंगचं शिक्षण घेऊन बारामतीच्या एका दवाखान्यात लागली होती. दिवसभर रुग्णांच्या मागं पळून आली तरी तिचा आवाज पहिल्या ओळीला मांडवाच्या टोकापर्यंत जायचा. कालव्यावरचं गाणं तर लोक परत परत म्हणायला लावायचे:

कालवा आला शिवारातनं, पाणी कुणाचं पुसू नका,
ओंजळ ज्याची त्याला द्या हो, जात इचारून देऊ नका.

हे आबांनीच बांधलेलं. विहिरीवर वरनं ओंजळीत ओतलेलं पाणी प्यायलेला माणूसच असं लिहू शकतो.

आबांचे वडील, म्हणजे माझे आजोबा झुंबर, गावाची हलगी वाजवायचे. देवाची पालखी निघाली की पुढं हलगी, पाटलाच्या लग्नात वरातीपुढं हलगी, आणि मांडवात जेवायला बसायची वेळ आली की बाहेर उकिरड्याशेजारी. छप्पन साली धम्म घेतला आणि आजोबांनी हलगी खाली ठेवली ती कायमची. गावानं दोन वर्षं काम दिलं नाही. आबा तेव्हा बारा वर्षांचे. भाकरी कमी पडली की आजी म्हणायची, "वाजवली असती तर खाल्ली असती," आणि आजोबा म्हणायचे, "खाल्ली असती, पण कशी खाल्ली असती ते सांग." हे आबांनी मला कितीतरी वेळा सांगितलंय. म्हणून आमच्या पार्टीत ढोलकी, पेटी, झांज, सगळं होतं, हलगी तेवढी नव्हती.

बोलावणं आणलं केशवरावांनी. ते बारामतीच्या एका कॉलेजात मराठी शिकवायचे. पुण्यात दर माघात नदीकाठच्या मैदानावर मोठा कलामहोत्सव भरायचा, आठवडाभर गर्दी, खाण्याचे गाळे, मोठमोठ्या गवयांच्या मैफिली. त्यात एक दिवस गावोगावच्या कलावंतांचा. आमच्या भागातनं कुणाला न्यायचं ते केशवराव ठरवायचे. त्याच सालच्या एप्रिलात निरवांगीच्या जयंतीत त्यांनी करुणाला ऐकलं आणि कार्यक्रम संपल्यावर स्वतः चालत आले.

"भानुदासराव, पुण्याच्या लोकांनी हे ऐकलं पाहिजे."

"ऐकवू की सर," आबा म्हणाले. दुसरं काही सुचलंच नाही त्यांना.

वर्षाच्या अखेरीला पत्र आलं आणि माघात आम्ही सकाळच्या एसटीनं निघालो. आबांनी ढोलकी मांडीवर घेतली, स्वारगेटपर्यंत खाली ठेवली नाही. करुणाच्या आईनं, ताईबाई काकूंनी, शेंगदाण्याच्या पोळ्या दिलेल्या. करुणानं नवी पांढरी साडी घेतली होती, निळ्या काठाची.

मैदानावर आम्हाला विनया मॅडमकडं पाठवलं. गावाकडच्या कलावंतांची सगळी व्यवस्था त्यांच्याकडं होती. हातमागाची साडी, गळ्यात चष्मा, बोलणं गोड. त्यांनी आमच्याकडं बघितलं, मागं बघितलं, आणि विचारलं, "हलगी कुठाय?"

"हलगी न्हाय आमच्यात," आबा म्हणाले.

"अहो, असं कसं? तुमच्या घराण्याची हलगी होती ना? मला सरांनी सांगितलं." आणि त्यांनी तंबूतनं एक हलगी, घुंगरांचे पट्टे आणि खांद्यावर टाकायच्या घोंगड्या आणायला लावल्या. "आमच्याकडे जादा आहे. पुरुषांनी हे घालायचं. सुरुवातीला पाच-दहा मिनिटं हलगी, मग तुमचं गाणं घेऊ एखादं."

मला वाटलं आबा ओरडतील. ते ओरडले नाहीत. ढोलकी पुढ्यात धरून उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, सांगितलं त्यांनी, पण अर्धंच सांगितलं दिसतंय. माझ्या बापानं ती ठेवून दिली. मला न्हाई वाजवायची."

"पण ही कला मरत चाललीय भानुदासराव. आपणच नाही जपली तर कोण जपणार?"

"मरतीय तर मरू द्या. बापानं स्वतःच्या हातानं मारलीय ती."

मॅडम खरंच दुखावल्या. त्या वाईट बाई नव्हत्या, हे मला तेव्हाही कळत होतं. त्यांना वाटत होतं की त्या आमचा मान करतायत. त्यांना तोच मान वाटत होता आणि आबांना नेमका तोच नको होता, आणि दोघांच्या मधे ती हलगी पडलेली.

"गाणं नुसतं घ्या," करुणा म्हणाली. "आमी चांगलं गातो मॅडम. एकदा ऐका तरी."

"गाणी सगळेच म्हणतात गं बाळा. लोक इथं गावचं काहीतरी बघायला येतात."

आबांनी पेटीवाल्याला उठवलं. "चला." आम्ही न गाता स्वारगेटला आलो. पोळ्या एसटीतच खाल्ल्या. सासवड ओलांडल्यावर करुणा खिडकीकडं तोंड करून म्हणाली, "आबा, एक गाणं तरी म्हणून आलो असतो."

"घोंगडं पांघरून?"

"मी तर घोंगडं पांघरणार नव्हते."

आबांनी मांडीवरची ढोलकी सरळ केली.

केशवराव दुसऱ्याच दिवशी सणसरला आले. त्यांनी माफी मागितली. चूक त्यांच्याकडनं झाली होती, पण मनात खोट नव्हती. आबांच्या घराण्याची माहिती त्यांनी कौतुकानं सांगितली आणि तिकडं ती भलतीकडंच गेली. आबा त्यांना म्हणाले, "सर, तुमी कवा उकिरड्याशेजारी जेवलाय का?" केशवरावांनी हात जोडले. मग म्हणाले, "पुढच्या वर्षी मी स्वतः बरोबर येतो. नुसती गाणी. शब्द देतो."

शब्द त्यांनी पाळला. शहाण्णव सालच्या माघात ते आमच्याबरोबर एसटीत बसून आले, विनया मॅडमशी आमच्यासमोर बोलले, आणि मॅडमनी मान डोलावली. "यंदा गाणीच." आबांच्या कपाळावरची आठी सैल झालेली मी बघितली. करुणा तर तालीम केल्यासारखी ओठांतल्या ओठांत गाणं म्हणत होती.

मग आमची पाळी पुढं ढकलली गेली. अगोदर कुणी मंत्री येणार होते, त्यांच्यासाठी लावणीचा कार्यक्रम लांबवला. मग ते आलेच नाहीत. आम्हाला चढवलं ते दुपारचं जेवण सुरू झाल्यावर. समोर रिकाम्या खुर्च्या, मधे मधे पत्रावळी उचलणारी माणसं, आणि एका कडेला गाळ्यावर मिसळीसाठी रांग. त्या रांगेतल्या लोकांची आमच्याकडं पाठ.

आणि निवेदक, गोरा, तरणा मुलगा, माइकमध्ये म्हणाला, "आता येत आहेत इंदापूर तालुक्यातले पारंपरिक हलगीवादक श्री. भानुदास आणि मंडळी!"

आबा ताडकन उठले. माइककडं गेले आणि म्हणाले, "आमी हलगीवादक न्हाय. आमी गायन पार्टी हाय. माझ्या बापानं..." तेवढ्यात माइक बंद पडला. बंद केला की पडला, देव जाणे. आबा बोलत राहिले. मला ऐकू येत होतं, पहिल्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांना येत असेल, बाकी कुणाला नाही. ते छप्पन सालचं सगळं सांगत होते, हाताच्या खुणा करत, आणि समोर कुणीतरी चमचा पडला म्हणून वाकत होतं.

करुणानं त्यांचा दंड धरून मागं आणलं. माइक परत सुरू झाला तेव्हा ती कालव्याचं गाणं गायली. ती चांगली गायली. मिसळीच्या रांगेतल्या दोघा-तिघांनी मान वळवली. एक बाई ताटली हातात घेऊन उभीच राहिली. पण आबांचा हात ढोलकीवर भरकटला होता, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांची सम चुकली, आणि करुणानं ती सांभाळून घेतली. दुसरं गाणं सुरू व्हायच्या आतच मॅडमनी खालून हातानं 'पुरे'ची खूण केली.

परतीच्या वाटेवर केशवरावांचाच चेहरा रडवेला झाला होता. "मी त्या पोराला लिहून दिलं होतं," ते सारखं म्हणत होते. आबा म्हणाले, "सर, तुमचा दोष न्हाय. पण मला परत बोलवू नगा." आणि घरी आल्यावर ढोलकी खुंटीला लावून महिनाभर तिला हात लावला नाही. कारखान्यातनं येऊन ओसरीवर बसायचे आणि कुणावर तरी खेकसायचे. ताईबाई काकूंवर, भाजीत मीठ जास्त म्हणून. माझ्यावर, मी हसलो म्हणून. आम्हाला कळत होतं राग कुणावर आहे, आणि तो पुण्याला पोचणार नाही म्हणून आमच्यावर निघतोय हेही कळत होतं.

जयंतीला मात्र ते परत वाजवू लागले. इंदापूरला लोकांनी कालव्याचं गाणं तीनदा म्हणायला लावलं. आबा घामानं निथळत होते, आणि मी मनात म्हटलं, झालं, संपलं एकदाचं ते पुणं.

पण करुणाचं संपलं नव्हतं. सत्त्याण्णव सालच्या दिवाळीत ती घरी आली आणि जेवताना म्हणाली, "आबा, मला पुण्याच्या दवाखान्यात जागा मिळालीय. आणि आणखी एक. विनया मॅडमनी मला बोलावलंय, माघात गायला."

आबांनी घास ताटात ठेवला. "कशावर गाणार?"

"पेटी हाय. तबला हाय. आणि पाठीमागं त्यांची एक हलगी असणार. दुसरा माणूस वाजवणार. मी न्हाय वाजवणार."

"हलगी मागं, आन् तू पुढं?"

"व्हय."

"तुला ठाव हाय ना ती काय हाय?"

"ठाव हाय. तुमीच सांगितलंय, रोज सांगितलंय." करुणाचा आवाज चढला. तसा तो घरात कधी चढला नव्हता. "हलगी वाईट न्हाय आबा. ती वाजवायला लावायचे आन् जेवायला लांब बसवायचे, ते वाईट. तो वाजवणारा पोरगा पगार घेतो, सगळ्यांच्या पंगतीत बसून जेवतो. मी किती वर्षं थांबायचं? एप्रिलला मांडवात गायचं आन् बाकी वर्षभर इंजेक्शन द्यायची?"

"मग काय वाईट हाय त्यात?"

"वाईट काय न्हाय. पण मला आणखी पायजे."

"तुझ्या आज्यानं दोन वर्षं उपास काढला त्या एका चामड्यापायी."

"आन् त्यानं उपास काढला म्हणून मी गप बसायचं?"

ताईबाई काकू उठून आत गेल्या. मी तिथं बसलेलो, कुठं बघावं कळेना. बोलणी दोघांचीही खरी होती, हीच तर अडचण. आबा शेवटी एवढंच म्हणाले, "जा. पण माझं गाणं म्हणू नगं तितं. कालव्याचं न्हाय म्हणायचं."

करुणा गेली. अठ्ठ्याण्णव सालच्या माघात ती गायली, मैदान भरलेलं होतं, संध्याकाळची वेळ मिळाली. मी गेलो होतो, आबांना न सांगता. तिनं कालव्याचं गाणं म्हटलं नाही. कुणातरी दुसऱ्यानं लिहून दिलेली चार गाणी म्हटली, पेरणीची, जात्यावरची. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हलगी मागं कडकडत होती, चांगली वाजत होती, खोटं कशाला बोलू. पण निवेदक तिला म्हणाला, "आपल्या मातीतली कन्या," आणि कुठली माती, कुणाची, ते काही म्हणाला नाही. तिलाही बोलायला वेळ दिला नाही. गाणं संपल्यावर ती मला मागं भेटली, गळ्यात हार, डोळे लाल. मी म्हटलं, "छान झालं." ती म्हणाली, "छान झालं. पण माझं एकबी नव्हतं त्यात."

त्या वर्षी आबा तिच्याशी चार-पाच महिने धड बोलले नाहीत. फोन गावात एकच होता, दुकानात. ती फोन करायची, काकू जायच्या, आबा म्हणायचे, "मला काम हाय." काम नसायचं. पार्टीत मग गायला झुंबर आजोबांच्या दुसऱ्या नातीला, म्हणजे माझ्या बहिणीला, विजयमालाला घेतलं. ती बरी गायची. पण आबा तिच्या प्रत्येक ओळीला तोंड वाकडं करायचे, आणि बिचारी घाबरून आणखी चुकायची.

मग तिचं लग्न ठरलं तेव्हा आबा बोलते झाले. करुणानं पुण्यात संसार थाटला, नवरा पोस्टात. नव्व्याण्णव सालच्या माघात तिला दिवस गेले होते म्हणून आबा आणि काकू तिच्याकडं राहायला गेले. महोत्सव सुरू होता, नदीकडचे रस्ते बंद, बसेस वळवलेल्या, आणि आबा दिवसभर खिडकीत उभे राहून त्या गर्दीवर कुरकुरत होते. करुणा त्या वर्षीही एक दिवस जाऊन गाऊन आली. चालायला त्रास होत होता, तरी गेली. दमून खुर्चीत बसली तेव्हा आबांनी पाण्याचा तांब्या पुढं केला आणि विचारलं, "यंदा काय म्हणलीस?"

"दोन गाणी. एक त्यांचं, एक मी बांधलेलं."

"तू बांधलेलं?"

"व्हय."

"तिसरं कडवं घाईत गेलं असंल."

"गेलं. वेळच न्हाय देत ती माणसं."

"न्हाय देत," आबा म्हणाले, आणि खाली रस्त्यात अडकलेल्या बसकडं बघत बराच वेळ त्या माणसांना शिव्या देत राहिले. करुणाही देत होती. त्या बाबतीत बाप-लेकीचं एकमत होतं.