विचारलं का मॅडम

इंग्रजीच्या तासाला कुणाचं काही परस्पर ठरल्याचं वाक्य आलं, की आमच्या मॅडम पुस्तकावर बोट ठेवून थांबायच्या आणि म्हणायच्या, "विचारलं का कुणी?" म्हणून आम्ही त्यांचं नावच पाडलं, विचारलं का मॅडम. तोंडावर अर्थात नुसतं मॅडम. तेवढी अक्कल आम्हाला होती.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, तीर्थपुरीजवळच्या आमच्या कॉलेजात, एका इंग्रजी कादंबरीची सुरुवातीची प्रकरणं अभ्यासाला होती. त्यातल्या शहरात सगळं सरकारच बघतं. घर, काम, जेवण दारात. कुणी काय शिकायचं, कुणाशी लग्न करायचं, तेही सरकारच ठरवतं. मॅडमची पद्धत अशी, की वाचलेली गोष्ट आधी घरच्या बोलीत सांगायची, मग इंग्रजीत. त्यांनी मला उठवलं. मी मोठ्या हौसेनं सांगितलं, "मॅडम, लई भारी सरकार हाय. चोवीस घंटे लाईट, राशन बराबर दारात, लग्नाचा खर्चा न्हाई. मानसाला दुसरं काय पाहिजे?" अख्ख्या वर्गानं माना डोलावल्या. विहिरीवरच्या मोटारीला लाईट कधी येईल याची वाट बघण्यात आमच्या बापांचं आयुष्य गेलेलं. ते सरकार आम्हाला वाईट दिसणार तरी कसं?

दुसरं कुणी असतं तर आमची गावंढळ म्हणून टर उडवली असती. मॅडम हसल्यासुद्धा नाहीत. "बरोबर हाय तुझं. लाईट पाहिजेच," त्या म्हणाल्या. त्या मूळच्या अंबडकडच्या. रंगात आल्या की पुस्तकी भाषा सोडून द्यायच्या. "पन मला सांगा, इतकी पानं वाचली, त्या शहरात नळावर एक तरी भांडण झालं का? कुणी म्हनलं का, मला ही भाजी नको?"

आम्ही भराभरा पानं उलटली. खरंच की! एवढ्या मोठ्या शहरात कुणीच 'नको' म्हणत नव्हतं.

"म्हनतील कसे? विचारलं का कुणी?"

बाकीच्यांचं माहीत नाही, माझ्या अंगावर काटा आला. कारण आमच्या घरीही सगळं न मागता दारात येत होतं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला कधी काही कमी पडू दिलं नाही. स्कूटी आणली, मोबाईल आणला, आणि आता वडीगोद्रीचं एक स्थळही पक्कं करत आणलं होतं. मला एम.ए. करायचं होतं. ते माझ्या मनातच राहिलं होतं.

त्याच संध्याकाळी अण्णा मोसंबीच्या बागेतून येऊन जेवायला बसले. भाकरी वाढता वाढता मी बोलून गेले, "अण्णा, या लग्नाचं मला विचारलं का कुणी?"

अण्णांना राग नाही आला, ते गोंधळलेच. "तुला काय कमी केलं गं मी?"

"काहीच न्हाई अण्णा. फक्त विचारलं न्हाई."

ते अर्ध्या जेवणावरून उठले. मला वाटलं, संपलं सगळं. सकाळी धारा काढून आले, दुधाची चरवी खाली ठेवली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "मंग सांग. काय करायचंय तुला?"

मी एम.ए.चं सांगून टाकलं आणि धावत जाऊन मॅडमना हे कळवलं. शाबासकी वगैरे काही नाही. "मंग आता पुढची प्रकरणं घरी वाच," त्या म्हणाल्या. "मी सांगते म्हनून नको. वाटलं तर." मी एका दमात पुस्तक संपवलं. आज आष्टीकडच्या पोरांना मी इंग्रजी शिकवते, ती या बाईंची कृपा. हे बोलायला मला बिलकुल संकोच वाटत नाही.

मागच्या वर्षी मॅडम निवृत्त झाल्या. अण्णा मोसंबीची पिशवी घेऊन माझ्याबरोबर आले. निरोपाच्या कार्यक्रमात जो तो स्टेजवर चढायचा, मॅडमच्या खांद्यावर शाल टाकायचा, कॅमेऱ्याकडे बघायचा आणि उतरायचा. अण्णांची पाळी आली. ते शाल उलगडून तसेच उभे राहिले. खालून कुणीतरी ओरडलं, "काका, जल्दी!" अण्णा हलले नाहीत. वाकून त्यांनी हळूच विचारलं,

"मॅडम, घालू का?"

आयुष्यभर प्रश्न विचारणाऱ्या मॅडमनी डोळे पुसत मान पुढे केली.