हात वर, मगच बटण

फोन वाजला तेव्हा मी बरकतपुऱ्याच्या घरी कुकर उतरवत होते. फोनवर यादगिरी, आमच्या नाचारमच्या शेडमधला सगळ्यात जुना माणूस. "अक्का... दिनू सार..." एवढंच म्हणाला आणि रडायला लागला. माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो हा, "मशीनला हात लागला का रे त्याचा?" भाऊ गेला हे नीट कळायच्या आधी मी मशीनचं विचारलं! "नै अक्का, मशीन तो बंद था. कुर्सी पे बैठे बैठेच गए. चाय भी पूरी नै पिए." माझा धाकटा भाऊ ज्या मशीनला इतकी वर्षं भ्याला, त्यानं त्याला काहीच केलं नाही. हृदय थांबलं. या गोष्टीला आता काही आठवडे झाले.

दिनू भित्रा होता. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात, पण हे मी त्याच्या तोंडावरही बोलत आले, आता काय लपवायचं! दिवाळीत सगळी गल्ली फटाके उडवायची आणि हा कानात कापसाचे बोळे घालून कपाटामागे. वाटेत कुत्रं दिसलं की नल्लकुंट्याकडून वळसा घालून घरी. लग्नालाही भ्याला, मुलगी बघायला नेलं की याचाच सदरा घामानं भिजायचा, शेवटी आईनं नाद सोडला. आणि असल्या माणसानं काय काढावं, तर प्लाझ्मानं लोखंड कापायचा कारखाना. दोन पलंग जोडावेत एवढं टेबल, त्यावर जाडजूड लोखंडी पत्रा, वर टॉर्च. टॉर्चमधून हवा आणि वीज मिळून अशी धार निघते की कातण्यानं करंजी कापावी तसा पत्रा कापला जातो. वीज टॉर्चमधून पत्र्यात उतरते आणि टेबलाला बोल्टनं आवळलेल्या जाड तारेतून माघारी जाते, हा तिचा ठरलेला रस्ता. मी शाळेतली नोकरी संपवून शेडच्या ऑफिसात बसायला लागले तेव्हा त्यानं मला सगळ्यात आधी हेच समजावलं होतं. "तुला धड निरांजन लावता येत नाही, तू वीज खेळवणार?" मी म्हटलं. तर म्हणाला, "अक्का, भीती वाटते म्हणूनच नीट बघतो ना." मी हसले होते.

राज्याचे दोन तुकडे व्हायचे ते दिवस. आज बंद, उद्या मोर्चा, आणि रोज नवी अफवा. आमची घरं निजामाच्या काळापासून इथली. घरात मराठी, बाजारात दख्खनी, शेडमध्ये तेलुगू, कधी कुणी वेगळं मानलं नाही. तरी दिनू ताटावर बसला की घास हातात धरून विचारायचा, "अक्का, आता आपण कुणाचे गं?" "आपण बरकतपुऱ्याचे. जेव मुकाट्यानं." मशीन बसवून देणारा मेकॅनिक विजयवाड्याचा, म्हणजे दुसऱ्या तुकड्यातला. तो इकडे यायला भ्यायचा, आणि हा त्याला फोन करायला. त्यात चहाच्या टपरीवर कुणीतरी सोडून दिलं की नव्या राज्यात नवे इन्स्पेक्टर येणार, जुनाट मशीन दिसलं की शेडला टाळं. झालं! दिनूची झोप उडाली. दुसऱ्या दिवशी स्वारी चंदेरी रंगाचे डबे घेऊन हजर.

दसरा तोंडावर होता. आयुधपूजेला यंत्रं धुऊनपुसून रंगाचा हात मारायची रीत आमच्याकडे आहेच, पण त्या वर्षी त्यानं पार नखशिखांत रंगवून घेतलं. शेडमधल्या पोरांनी जीव ओतून काम केलं. एकेक बोल्ट काढला, खालीही रंग दिला, पुन्हा आवळला. वर हळदकुंकू, झेंडूच्या माळा, दारात कोहळा फोडला. मशीन नवरदेवासारखं नटलं होतं, आणि त्यापुढे हात जोडून उभा असलेला दिनू कितीतरी दिवसांनी हसला होता.

दसऱ्यानंतर कापणं बिघडलं. कड सरळ येईना. पत्र्याच्या खालच्या बाजूला वितळलेल्या लोखंडाचे गोळे चिकटून राहायचे, आणि धार मध्येच फुर्र करून विझायची. यादगिरीनं टॉर्चचं नोझल बदललं, तर नवंही बघता बघता जळून गेलं. हवेत पाणी येत असेल म्हणून कॉम्प्रेसरची टाकी रिकामी केली. वेग कमी केला, टॉर्च खाली घेतला, वर घेतला... काही उपयोग नाही. "दृष्ट लागली असेल, मीठमोहऱ्या ओवाळा," मी थट्टेनं म्हटलं, तर पोरांनी खरंच लिंबूमिरची आणून बांधली. दिनू मात्र हात पाठीमागे बांधून टेबलाभोवती फिरत राहिला. "अक्का, वीज कुठेतरी अडतेय. अडलेली वीज माणूस धरते. बंद करू या का मशीन?" त्यानं हे विचारलं मात्र, ठणकावून सांगितलं नाही. कुणाला दुखवायचीही त्याला भीती! यादगिरी म्हणाला, "एक प्लेट देखेंगे सार, कुछ नै होता." दिनू गप्प बसला.

त्याच प्लेटवर धार विझली. पत्रा हलला असेल म्हणून यादगिरीनं तो सरकवायला हात पुढे केला, आणि टॉर्चनं पुन्हा पेट घेतला. ओरडणं नाही, काही नाही... नुसता घशातून एक आवाज, आणि यादगिरी मागे फेकला गेला. मी, दिनूला आयुष्यभर भित्रा म्हणणारी मी, ऑफिसच्या दारात खांबासारखी उभी. धावला तो दिनू. मशीन बंद करायच्या लाल बटणावर मूठ आपटली, यादगिरीचं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणत राहिला, "बोल रे, यादगिरी. शिवी दे मला, पण बोल." किती वेळ गेला देव जाणे. मग यादगिरीनं डोळे उघडले आणि विचारलं, "सार... मेरा हाथ है क्या?" हात होता. तळव्यावर काळा डाग होता.

यादगिरी दवाखान्यातून धडधाकट परत आला. पण त्याआधी, दुसऱ्याच दिवशी सकाळी, दिनूनं शेडची मेन वीज तोडून टेबलाच्या तारेचा बोल्ट उघडला. खाली गुळगुळीत चंदेरी रंग, एक ओरखडासुद्धा नाही, आणि वर पूजेचं कुंकू. रंगातून वीज जात नाही. तिचा माघारी जायचा रस्ता आम्हीच ब्रशनं बुजवला होता, देवाचं नाव घेऊन. दिनू खाली फरशीवरच बसला. "अक्का, नको तिथे भ्यालो आणि रंग लावला. भ्यायला हवं होतं तिथे गप्प बसलो." त्यानं कानशीनं ती जागा घासली, लोखंड लख्ख होईपर्यंत, आणि तार पुन्हा आवळली. मशीन लावलं तर कड अशी सरळ आली की बोट फिरवावं! पण कुणालाही आनंद झाला नाही.

त्यानंतर दर दसऱ्याला सगळं टेबल रंगायचं, ती तळहाताएवढी जागा सोडून. तिथे कुंकवाचं बोटही लावू द्यायचा नाही. आणि मशीन सुरू करायच्या आधी हा ओरडायचा, "हात वर!" सगळ्यांनी मागे सरायचं, दोन्ही हात डोक्यावर घ्यायचे. तो एकेकाचे हात डोळ्यांनी पाहणार, मगच बटण. मी, गिऱ्हाईक, पाहुणे, कुणालाही सूट नाही. एकदा तर भटजींना पंचारती खाली ठेवायला लावून हात वर करवले! शेजारच्या शेडवाल्यांनी आमचं नाव पोलीस ठाणं ठेवलं होतं. दिनूला त्याचं काही नव्हतं. जो कुणाच्या डोळ्याला डोळा द्यायला लाजायचा, तो तेवढ्यापुरता फौजदार व्हायचा.

दिवस झाले, पाहुणे गेले, तरी शेड बंदच होती. मशीन लावायचं कुणी नावच काढेना. गेल्या आठवड्यात मीच सगळ्यांना बोलावलं. बोलावलं खरं, पण रिक्षात बसल्यापासून डोक्यात एकच प्रश्न होता. आता कुणाचा हात पुढे गेला तर लाल बटणाकडे धावणारं कोण होतं? यादगिरीनं बोल्ट उघडला, ती जागा घासली, तार आवळली, ओढून मला दाखवली. पत्रा चढवला. मग सगळे मागे सरले. ओरडायला कुणी नव्हतं... तरी यादगिरीचे हात वर गेले. तळव्यावरचा डाग तसाच. मग बाकीच्यांचे गेले. माझेही कधी गेले मला कळलं नाही. पलीकडे दिनूची खुर्ची, आणि आम्ही सगळे हात वर करून एकमेकांकडे बघत उभे. बटण दाबायला कुणाचाच हात खाली नव्हता.

मी एकेकाचे दोन्ही हात पाहिले. पुन्हा पाहिले. मग माझा एक हात खाली घेतला. दिनूच्या जागी उभं राहून बटण दाबलं.