गाशुशाची सहल आणि माझी बादली

आमच्या बायगोरी गावात गाशुशाइतकी चांगली गाडी चालवणारं माणूस नाही, आणि तिच्या नवऱ्याइतकं गाडीला घाबरणारंही नाही. देवाने दोघांना एकाच घरात घातलं ते बहुधा माझी करमणूक व्हावी म्हणून. कारण मी त्यांचा पहिला शेजारी, आणि आमच्याकडे हे नातंच असतं. त्यांच्या घरात लग्न निघालं, कुणी गेलं, किंवा घर बंद करून सगळे बाहेर पडले, की किल्ली माझ्याकडे येते. किल्लीबरोबर बातम्याही येतात, त्याला माझा इलाज नाही.

गाशुशाने तीस वर्षं दुधाचा टँकर चालवला. पहाटे निघायचं, डोंगरातल्या घराघरातून मेंढ्यांचं दूध गोळा करायचं आणि चीजवाल्यांकडे पोचवायचं. बर्फ असो, धुकं असो, समोरून गुराखी कळप घेऊन येवो, या बाईच्या टँकरला कधी ओरखडा गेला नाही. तिच्या आधीचा ड्रायव्हर तीनदा ओढ्यात गेला होता, त्यात एकदा तर ओढ्याला पाणीही नव्हतं. निवृत्त झाली त्या दिवशी लोकांनी तिला फुलं दिली. ती घेऊन घरी आली आणि म्हणाली, "आता मला आवडेल त्या रस्त्याने जायचंय."

आवडेल तो रस्ता म्हणजे साधासुधा नव्हे. पूर्वेला झुराँसोंच्या टेकड्या, वर मादिराँ, मग सेंत-एमिलियों; तिथून समुद्राकाठाने खाली गेतारिया, पलीकडे लागार्दिया, आणि शेवटी इझ्पेगीचा घाट उतरून घरी. बघावं तिकडे द्राक्षमळे, आणि मळ्यामळ्यात थांबून तिथली द्राक्षांची दारू चाखायची. आणि शेजारच्या सीटवर नवरा, एर्रामुन. ही अट होती.

"एकटी जा की," मी म्हणालो. "त्याला मी जेवायला घालीन."

"एकटी तीस वर्षं फिरले, गानिश. तो आला तरच जाणार."

आता एर्रामुन. उतारावरच्या मळ्यात पाठीवर द्राक्षांची टोपली घेऊन तो असा चढतो की बकऱ्यांनी लाजावं. तरुणपणी भिंतीवर चेंडू असा मारायचा की आवाज चर्चमध्ये ऐकू यायचा. पण गाडीत बसवा, दुसऱ्या वळणाला लिंबासारखा पिवळा, तिसऱ्याला दार उघड म्हणतो. लेकीचं लग्न मोलेओंला होतं, तर हा दोन दिवस आधी चालत निघाला आणि गावाला सांगितलं, नवस आहे. गावानेही मान डोलावली. सगळ्यांना खरं ठाऊक होतं, पण ते त्याच्या तोंडावर बोलायची कुणाची छाती नाही. माझीही नाही, म्हणजे बघा.

सहलीचं नाव काढलं की तो मळा पुढे करायचा.

"वेलींना सोडून कसा येऊ?"

"ऑगस्ट लागलाय. द्राक्षं आपोआप पिकतात. तू काय त्यांना फुंकर घालतोस?" गाशुशा म्हणायची.

"गारा पडल्या तर?"

"पडल्या तर तू छत्री धरून उभा राहणार आहेस का?"

तो कोयता उचलून बाहेर जायचा. पण बाई हरली नाही. तिने सगळी सहल नवऱ्याच्या पोटाभोवती आखायला घेतली, आणि मी आयुष्यात इतकी देखणी आखणी पाहिली नाही. वेली बांधायची सुतळी तिने जेवणाच्या टेबलावर पसरली. जिथे रस्ता वळतो तिथे सुतळी वळवली, जिथे थांबायचं तिथे अक्रोड ठेवला. तीन आठवडे ते घर मांडीवर ताटल्या घेऊन जेवलं. मुक्कामाच्या खाणावळींना फोन केला की खोली कशी आहे ते ती विचारायचीच नाही. विचारायची, "तुमच्या दारापर्यंतचा शेवटचा रस्ता नीट केलाय का? अंगणात सावलीला बाक आहे का?" मळेवाल्यांना विचारायची, "तुमच्या वेली उतारावर आहेत ना? सपाटीवरचा मळा बघून आमचे हे तोंड वाकडं करतात." झुराँसोंची एक म्हातारी मळेवाली तर तिच्यावर इतकी खूश झाली की दारूची गोष्ट राहिली बाजूला, दोघी अर्धा तास गुडघ्यांवर बोलल्या.

मग एका सकाळी ती माझ्या गोठ्यात आली.

"गानिश, एक बादली दूध दे. आणि तू पण चल."

"कुठे?"

"इझ्पेगीला. बादली मांडीवर धरून बस. टँकर शिकले तेव्हा मी अशीच उघडी बादली शेजारी ठेवायचे. दूध हललं नाही तर माणूसही हलणार नाही."

काठोकाठ भरलेली बादली मांडीवर घेऊन मी घाट चढलो. खोटं सांगत नाही, बोटीत बसल्यासारखं वाटत होतं, तेही तळ्यातल्या. वळण कधी आलं, कधी गेलं, कळेना. दूध फक्त काठाशी जरा श्वास घ्यायचं. वरून येणाऱ्या पाववाल्याने आम्हाला पाहिलं, माझ्या मांडीवरची बादली पाहिली, आणि गाडी थांबवून टोपी काढली. मला हसू फुटलं, आणि पाव लिटर दूध माझ्या विजारीत.

"हसू नकोस, मेल्या!" गाशुशा ओरडली. तिची नजर रस्त्यावरून हलली नव्हती. गाडी चालवताना ही बाई हसत नाही, बोलत नाही, डोंगर बघत नाही.

चार सकाळी आम्ही हा उद्योग केला. दुपारपर्यंत बेकरीत चर्चा, गाशुशा त्या गानिशला घेऊन रोज घाटावर जाते म्हणे. ही बातमी पसरवण्यात माझाही थोडा हात होता. फुकट मिळालेली अब्रू कोण सोडतो?

पण पाचव्या सकाळी मला घाम फुटला. आम्ही खाली आलो तर रस्त्याच्या कडेला एर्रामुन उभा. त्याचा मळा घाटरस्त्याच्या बरोबर वरच्या उतारावर आहे. चारही दिवस त्याने आम्हाला वर जाताना आणि खाली येताना पाहिलं होतं. तो माझ्या खिडकीशी आला, बादलीत डोकावला, माझ्या ओल्या विजारीकडे पाहिलं.

"हे का सांडलं?"

"हा हसतो," गाशुशा म्हणाली.

"हसतो म्हणून नाही. याला धरता येत नाही. वळणाच्या आधी झुकायला नको का? टोपली घेऊन उतरताना आपण काय करतो?" त्याचा आवाज चढला. "उतर खाली, गानिश. दे इकडे."

मी उतरलो. त्याने बादली घेतली आणि माझ्या जागेवर बसला. काय केलंय हे त्याच्या लक्षात यायच्या आत गाशुशाने गाडी वळवली. मी मागच्या सीटवर उडी मारली. हे पाहिल्याशिवाय मी मेलोही नसतो.

पहिलं वळण. एर्रामुनची नजर थेट पुढे, पुढच्या वळणावर. रस्ता डावीकडे वळायच्या आत त्याचे खांदे झुकले. दुसरं, तिसरं. मी दाराच्या कडीवर हात ठेवून तयार होतो. कुणी पिवळं झालं नाही. त्याचं सगळं अंग त्या बादलीत गेलं होतं, पोटाकडे बघायला वेळच नव्हता. मधे एकदा तो म्हणाला, "पुढचं वळण जरा उशिरा घे," आणि तिने घेतलं.

घाटमाथ्यावरच्या दुकानासमोर गाडी थांबली. एर्रामुन बादली घेऊन खाली उतरला. स्वतःच्या पायांकडे बघितलं, खाली दरीत गेलेल्या रस्त्याकडे बघितलं.  

"चीज मिळेल का इथे?" तो म्हणाला. "भूक लागलीय."

गाशुशाने तोंड फिरवलं आणि डोंगरांकडे बघत राहिली. बराच वेळ.

सोमवारी ते निघाले. एर्रामुनच्या मांडीवर माझी बादली, आता पाण्याने भरलेली. मागच्या सीटवर आमच्या खोऱ्यातल्या दारूच्या बाटल्या, कारण दुसऱ्या मळेवाल्याच्या दारूच्या तळघरात रिकाम्या हाताने जायचं नसतं. किल्ली माझ्याकडे देताना तो म्हणाला, "गारा पडल्या तर बघ."

"छत्री धरीन," मी म्हणालो.

परत आले तेव्हा गाडी इझ्पेगीहून मुंगीसारखी खाली येताना मला गोठ्यातून दिसली. एर्रामुन उतरला, चांगला लाल दिसत होता. दारू कशी होती म्हणून विचारलं.

"वाईट नव्हती," तो म्हणाला. आमच्याकडे यापेक्षा मोठी स्तुती मी ऐकलेली नाही.

त्याने बादली माझ्या हातात दिली. मी आत पाहिलं. पाणी चांगलं चार बोटं खाली गेलं होतं.

"काय रे धरणाऱ्या, एवढं कुठे सांडलं?"

"लागार्दियाच्या अलीकडे," तो म्हणाला आणि गाडीकडे बघितलं. गाशुशा अजून स्टिअरिंगमागेच बसली होती. "मी काहीतरी बोललो, आणि ती हसली."