उलटा धरलेला चौकोन

संपानंतर गिरणी बंद पडली तेव्हा बाबा पन्नाशीला आले होते. जन्मभर त्यांनी डिझाइन खात्यात बसून चौकटीच्या कागदावर कापडाचे नमुने काढले होते. घाटकोपरच्या आमच्या दोन खोल्यांत रिकामं बसणं त्यांना जमेना. त्यातच रद्दीत आलेल्या एका परदेशी मासिकात त्यांना एक कोडं सापडलं. नऊ बाय नऊचा चौकोन. प्रत्येक आडव्या ओळीत, उभ्या ओळीत आणि तीन बाय तीनच्या प्रत्येक खणात एक ते नऊ आकडे एकेकदाच. आता त्याला सगळे सुडोकू म्हणतात. तेव्हा आमच्या ओळखीत ते कुणाला ठाऊक नव्हतं.

बाबा कोडी सोडवायचे नाहीत, पूर्ण चौकोन रचायचे. त्यातला एक त्यांचा लाडका होता. कागद खालची कड वर करून फिरवायचा, मग एक आणि नऊ, दोन आणि आठ, तीन आणि सात, चार आणि सहा यांची अदलाबदल करायची, की पुन्हा तोच चौकोन. पाच तेवढा बदलायचा नाही.

"प्रत्येकाचा जोडीदार समोर बसलाय बघ," ते मला म्हणाले. "पाच बिचारा एकटा."

त्याच वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, बोलणंही शाबूत राहिलं, पण डावी बाजू गेली. नुसते हातपाय नाहीत, बाजूच गेली. ताटातली उजवीकडची भाजी खाऊन ते आईला म्हणायचे, "आज भात नाही केलास?" आई ताट फिरवायची. दाढी अर्धीच करायचे. डॉक्टर म्हणाले, डोळे ठीक आहेत. डावं म्हणून काही असतं, हेच मेंदूला कळत नाही.

एका दुपारी मी त्यांच्यापुढे रिकामा चौकोन ठेवला. मधली उभी ओळ मला पाठ होती, ती भरून दिली. बाबांनी तिच्या उजवीकडच्या चार उभ्या ओळी सावकाश भरल्या आणि पेन खाली ठेवलं.

"झालं."

मला ताट आठवलं. मी कागद उलटा फिरवला. आता त्यांचे आकडे डावीकडे, डोकं खाली करून गेले होते. म्हणजे त्यांच्या लेखी नव्हतेच. मला वाटलं, पाठ असलेलं तेच पुन्हा लिहितील. पण जिथे मघाशी एक होता तिथे त्यांनी नऊ लिहिला. तिनाच्या जागी सात. न थांबता.

मी कागद उचलून तपासला. आडव्या ओळी, उभ्या ओळी, खण. कुठेही चूक नव्हती.

"बाबा, डावीकडचं दिसलं तुम्हाला?"

"कसलं डावीकडचं?"

"मग हे आकडे?"

"समोर बसलाय ना तो. त्याने लिहिलं त्याचा जोडीदार मी लिहिला." त्यांनी उजव्या हाताने मांडीवरचा स्वतःचा डावा हात उचलला आणि माझ्याकडे सरकवला. "हा त्याचाच. इथे विसरतो नेहमी. देऊन टाक गं."

हात गरम होता. मी तो परत त्यांच्या मांडीवर ठेवला आणि स्वयंपाकघरात आईजवळ जाऊन उभी राहिले. बाबांच्या समोरच्या खुर्चीत त्या दिवसानंतर मी बसले नाही. आईही तिथे बसायची नाही, हे नंतर माझ्या लक्षात आलं. तिला कधी विचारलं नाही.

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, दिसत असतं, फक्त दिसल्याचं कळत नाही. असेल.

हळूहळू बाबा सुधारले. आधी ताटातला भात दिसू लागला, मग दार, मग स्वतःचा हात. काठी घेऊन चालू लागले. आम्ही पेढे वाटले. पुढे एकदा त्यांनी आपणहून कागद मागितला. पूर्ण चौकोन भरला, बरोबर भरला. मग कागद उलटा धरून बराच वेळ बघत राहिले.

"नाही जमलं," म्हणाले. उलटं केल्यावर जोड्या जुळत नव्हत्या.

"पुन्हा करा ना, बाबा."

"एकट्याने नाही जमायचं," ते म्हणाले आणि पेनाला टोपण लावून समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसले.